सुक्या आयरिसचा हिवाळा

जवळच्या पाटणकडचा मटार बाजारात आला, की जबलपुरात थंडी आली असं आम्ही समजतो. कॅलेंडर काही का म्हणेना. ओमतीच्या वळणावर हातगाड्या हिरव्यागार होतात, आणि बायका उगीचच गरजेपेक्षा जास्त शेंगा घेऊन घरी येतात. मीही घेते. मग गच्चीवर, पाठीवर ऊन घेत, मांडीत परात धरून सोलत बसते. हे खरं तर चार जणींनी गप्पा मारत करायचं काम. एकटीनं करायला घेतलं, की प्रत्येक शेंग फुटल्याचा आवाज ऐकू येतो.

परवा अशीच सोलत होते. एका शेंगेची शीर ओढली, हिरवं पापुद्र्यासारखं आवरण बाजूला झालं, आणि आतलं सगळं ओळीनं समोर आलं. हात तिथेच थांबला. असंच एक आवरण मी सुईनं उघडलं होतं. खूप वर्षांपूर्वी, अशाच थंडीत. शेजारी एक म्हातारी बाई श्वास रोखून उभी होती.

तो बांगलादेशच्या लढाईचा हिवाळा. मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, वनस्पतिशास्त्र घेऊन. आमचं घर म्हणजे शहराबाहेर खमरियातलं फॅक्टरीचं क्वार्टर, आणि घरात माणसं दोन: बाबा आणि मी. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. मोठी ताई लग्न होऊन नागपूरला. लढाईचं वातावरण तापलं तशी बाबांची ड्युटी लांबत गेली. ते यायचे तेव्हा मी निघालेली असायची, मी यायची तेव्हा ते झोपलेले, नाहीतर पुन्हा निघालेले. आमचं बोलणं झाकलेल्या ताटांतून व्हायचं. भाजी उरली असली तर समजायचं, आज बाबा दमलेत. ताट घासून पालथं घातलेलं असलं तर समजायचं, आज जरा बरे आहेत. खिडक्यांना काळा कागद लावलेला होता, त्यामुळे भर दुपारीही घरात संध्याकाळ असल्यासारखं वाटायचं.

बाबा आत नेमकं काय करतात, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. त्या वसाहतीतल्या कुठल्याच मुलानं विचारलं नसेल. दारूगोळा भरण्याचं काम आहे, एवढं कळायचं. बाकी भोंगा वाजला की जायचं, भोंगा वाजला की यायचं.

घरी थांबवत नसे म्हणून मी सकाळीच कॉलेजात जाऊन बसायची. बरोबरीच्या मुली बहुतेक आपापल्या गावी गेल्या होत्या. वर्ग भरायचे न भरल्यासारखे. वरच्या मजल्यावर, कोपऱ्यात, वाळवलेल्या झाडांची खोली होती. लोखंडी कपाटं, डांबरगोळ्यांचा वास, आणि उत्तरेच्या खिडकीखाली एक लांब टेबल. तिथे सरांनी मला एक काम दिलं होतं. वनखात्यातले एक अधिकारी निवृत्त होऊन जबलपुरात वारले होते. नोकरीभर ते कुमाऊँ-गढवालच्या डोंगरांत होते आणि तिथली झाडं दाबून, वाळवून ठेवण्याचा त्यांना नाद होता. त्यांच्या पत्नीनं दोन पेट्या भरून ते सगळं कॉलेजला दिलं. कसरीनं चिठ्ठ्या खाल्लेल्या, कागद पिवळे पडलेले. त्यातली आयरिसची झाडं वेगळी काढून कोणती कोणत्या जातीची ते ठरवायचं, हे माझं काम.

आयरिस म्हणजे केशराच्या कुळातलं फूल. आपल्याकडे ते रानात उगवत नाही. छावणीतल्या बंगल्यांपुढे ग्लॅडिओलस फुलतो ना, तो त्याचा चुलतभाऊ. मी स्वतः एकही जिवंत आयरिस पाहिलं नव्हतं. माझ्यासमोर होती ती त्यांची कलेवरं: चपटी, तपकिरी, कागदाला टाचलेली. पण हळूहळू मला ती ओळखू येऊ लागली. आयरिसच्या तीन पाकळ्या वर उभ्या असतात आणि तीन बाहेर झुकलेल्या. त्या झुकलेल्या पाकळ्यांकडे आधी पाहायचं. मध्यावर बारीक केसांची दाढी आहे का? असेल तर एक घर. दाढीऐवजी कोंबड्याच्या तुऱ्यासारखी दातेरी कड आहे का? ते दुसरं घर. दोन्ही नाही, पाकळी साफ गुळगुळीत? तिसरं घर. मग जमिनीतली खोडं पाहायची, आल्यासारखी गाठाळ आहेत की नुसताच मुळांचा झुबका. मग दांडा, त्याला फांद्या आहेत की नाहीत. अशी एकामागून एक प्रश्नांची वाट असते, तिला आम्ही 'की' म्हणायचो. किल्लीच ती. प्रत्येक वळणावर दोनच उत्तरं, आणि त्यांतलं एक खरं असतंच.

रंगावर मात्र विश्वास ठेवायचा नाही. सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "रंग सबसे पहले धोखा देता है।" वाळल्यावर जांभळं, पांढरं, पिवळं, सगळं एकाच चहाच्या डागासारखं होतं.

त्या खोलीत दिवसभर माझ्याशी कोणी बोलत नसे. कधीकधी मी मुद्दाम लॅटिन नावं मोठ्यानं वाचायची, नुसता आवाज व्हावा म्हणून.

मग एका सकाळी माई आल्या.

त्या पेट्या देणाऱ्या बाई त्याच. नागपूरच्या भोसल्यांच्या काळापासून इकडे राहिलेलं घराणं, पांढरं पातळ, खांद्यावर शाल, आणि रिक्षावाल्याशी जिन्यातूनच चाललेलं हिंदी भांडण. आत येऊन त्यांनी टेबलावर पसरलेले कागद पाहिले आणि मला विचारलं, "हेच का ते?"

"काय, माई?"

"ज्यांच्यासाठी आमचे हे जायचे ते."

मी हो म्हटलं. त्या खुर्ची ओढून बसल्या. एक कागद स्वतःकडे वळवून घेतला. मग म्हणाल्या, "सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, म्हणून मी इथंच. ते तिकडे. सुट्टी मिळाली तरी पंधरा दिवस डोंगरातच काढून मग घरी यायचे. लोक म्हणायचे, पहाडात दुसरी बाई ठेवली असेल. मी म्हणे, बाई असती तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं. गवताशी काय भांडू?"

त्यानंतर त्या वरचेवर येऊ लागल्या. येताना काहीतरी खायला आणायच्या, आणि मी काय करते ते बघत बसायच्या. मी त्यांना दाढी दाखवली, तुरा दाखवला. भिंग डोळ्याला लावून त्या म्हणायच्या, "अरे वा! ही तर माझ्या दिरासारखी दाढी." आम्ही दोघी हसायचो. त्या गेल्या की खोली आधीपेक्षा जास्त रिकामी व्हायची. आधी मला तिचा रिकामेपणा जाणवलाच नव्हता.

आणि मग ते एक झाड सापडलं.

बोटभर उंचीचं. दांडा जवळजवळ नाहीच, पानांतून थेट फूल बसलेलं. पाकळीवर दाढी. बुटक्या, दाढीवाल्या, डोंगरमाथ्यावरच्या आयरिसच्या दोन जाती पुस्तकात होत्या. एकीला दांडा नसतो पण फुलाखालची नळी लांब असते. दुसरीला नळी आखूड, पण दांडा चांगला वर आलेला. ह्या झाडाला दांडाही नव्हता आणि नळीही आखूड दिसत होती. ना इकडचं, ना तिकडचं. मी पुन्हा पुन्हा किल्ली फिरवली. कुलूप उघडेना.

सरांना बोलावलं. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि चष्मा काढून पुसला. "मंदा, यह तो... हो सकता है नई जाति हो।" नवी जात! आणि तसं निघालं, तर ज्यानं ती आणली त्याचं नाव त्या फुलाला द्यायची रीत आहे, हेही ते बोलून गेले. माई तिथेच बसल्या होत्या.

"यांचं नाव?" त्यांनी मला मराठीत विचारलं. "फुलाला?"

"हो, माई. कायमचं."

त्यांनी शालीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. "म्हणजे लोकांना सांगता येईल," त्या म्हणाल्या, "की कुठं होते ते."

खात्री कशी करायची, हा प्रश्न होता. देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेला पाठवायचं तर डाकेचा तेव्हा भरवसा नव्हता. लढाई जाहीर झाली होती, गाड्या फौजेसाठी धावत होत्या. दुसरा उपाय एकच. वाळलेलं फूल उकळत्या पाण्यात घातलं, की ते मऊ होऊन उलगडतं. मग ते सुईनं मोकळं करून आतपर्यंत पाहता येतं. पण त्या कागदावर धड फूल एकच होतं. सर म्हणाले, चीज़ माईंची आहे, त्यांना विचार.

मी विचारलं. "माई, पाण्यात घातलं की हे परत असं राहणार नाही."

"आणि नाही घातलं तर?"

"तर कळणार नाही."

"मग घाल, बाई. न कळता मी पुष्कळ वर्षं काढली."

स्पिरिटचा दिवा लावला. पाणी उकळलं. चिमट्यानं ते फूल सोडवून काचेच्या बशीत ठेवलं आणि वरून गरम पाणी ओतलं. आधी काहीच झालं नाही. मग एक पाकळी हलली. चुरगळलेला कागद आपोआप सरळ व्हावा तशी ती पसरू लागली, मग दुसरी, मग ती दाढीवाली. तपकिरी रंगाच्या आतून फिकट, अगदी फिकट जांभळी झाक वर आली. माईंनी माझा दंड धरला. "अगं, जिवंत झालं!"

मी सुई घेतली. फुलाच्या तळाशी दोन पापुद्र्यांचं आवरण असतं, ते हलकेच बाजूला केलं. आणि आतून नळी बाहेर आली. आखूड नव्हती ती. दाबताना दुमडली होती आणि घडी होऊन आवरणात लपली होती. मी सुईनं ती सरळ केली. ती लांबत गेली, लांबत गेली. पुस्तकात लिहिल्याइतकी लांब.

मी सुई खाली ठेवली.

"काय झालं गं?"

सांगावं लागणारच होतं. "माई, हे नवीन नाही. नेहमीचंच आहे. कुमाऊँच्याच नावाचं. नळी दुमडली होती, म्हणून मला आखूड वाटली."

त्या बशीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तिकडे असली पुष्कळ असतात?"

"बर्फ वितळलं की कुरणंच्या कुरणं भरतात, असं लिहिलंय."

"अच्छा." त्यांनी शाल सारखी केली आणि त्या गेल्या. जिन्यातून त्यांच्या काठीचा आवाज हळूहळू खाली उतरत गेला. दुसऱ्या दिवशी सरांनी बशीत पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "दुख हुआ। पर ठीक किया।"

पुढे मी आयुष्यभर कॉलेजात हाच विषय शिकवला. दरवर्षी कुणीतरी मुलगी विचारायचीच, की मॅडम, नावं ठेवून काय होतं, फूल तर फूलच राहतं. मी काहीबाही उत्तर द्यायची. खरं म्हणजे मला त्या बशीची आठवण यायची. एखाद्या गोष्टीला तिचं खरं नाव देणं म्हणजे ती तिच्या गोतावळ्यात परत नेऊन सोडणं. एकटं, आगळंवेगळं वाटणारं काहीतरी अचानक कुणाचं तरी भावंड निघतं. फुलांच्या बाबतीत हे मला जमलं. माणसांच्या बाबतीत जमलं असं नाही म्हणता येणार. लग्न झालं नाही. का झालं नाही याचं ठळक असं कारणही नाही. माई गेल्या, सर गेले, बाबाही गेले. आता शेजारची नवी मंडळी मला 'दीदी' म्हणतात आणि त्यांच्या मुलांना मराठी समजतं, बोलता येत नाही.

तर, माई येईनाशा झाल्या. मी रोज जिन्याकडे कान देऊन बसायची. त्यांना मी एक गोष्ट देऊ शकले असते, आणि ती माझ्याच हातातल्या सुईनं गेली, हे मनातून जात नव्हतं. खोटं बोलायला हवं होतं असं वाटत नव्हतं. पण खरं बोलून झाल्यावर शेजारी कोणीच नसावं, हे फार वाईट.

तशात लढाई संपली. त्या संध्याकाळी वसाहतीत नुसता जल्लोष. रेडिओ मोठमोठ्यानं लागलेले, लोक एकमेकांना पेढे भरवत होते, कुणीतरी आमच्याही दारावर थाप मारून गेलं. मी आत आले तर बाबा जमिनीवरच झोपलेले. बूटसुद्धा काढले नव्हते. इतक्या गोंगाटात त्यांची झोप मोडली नाही. मी बुटांच्या नाड्या सोडल्या, अंगावर चादर टाकली आणि पेढा हातात घेऊन त्यांच्या उशाशी बसून राहिले. वाटलं, त्यांना उठवावं आणि सांगावं, बाबा, संपलं. पण उठवलं नाही.

संक्रांतीनंतर माई आल्या. हातात तिळगुळाचा डबा.

"रागावलात का माझ्यावर?" मी विचारलं.

"तुझ्यावर काहून रागावू? विचार करून राहिले होते." मग त्यांनी जाहीर केलं, "बद्रीनाथाला चालले. उन्हाळ्यात इथून पार्टी जाऊन राहिली, बस केलीय. घरचे खूश आहेत, म्हातारीला देव आठवला म्हणून." आणि आवाज खाली आणून, "तू सांग, त्या वाटेवर ती असतात का?"

मी नकाशा काढला. असतात, म्हटलं. त्याच दिवसांत फुलतात.

"चलतेस?"

माझी परीक्षा त्याच दिवसांत होती. त्या गेल्या. मी परीक्षा दिली, आणि मेच्या उकाड्यात रिकाम्या क्वार्टरमध्ये बसून त्या कुठवर पोचल्या असतील याचा हिशेब करत राहिले.

जूनच्या शेवटी, एका दुपारी, माई आमच्या दारात. पहिल्यांदाच आल्या होत्या, खमरियाच्या बसनं, धक्के खात. बाबा त्या दिवशी घरी होते. बनियनवर होते ते घाईनं सदरा चढवून कोपऱ्यात उभे राहिले. माईंनी त्यांच्या हातावर प्रसाद ठेवला, पाणी प्यायल्या, आणि सरळ माझ्याकडे वळल्या.

"पाहिली."

"कशी होती?"

"अगं, बसनं मुक्काम केला. सगळे म्हणाले, लवकर चला, दर्शनाची रांग आहे. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. जरा वर चढले तर कुरण. आणि सगळीकडे तीच. जांभळी, त्यावर काळसर ठिपके. इतकी ठेंगणी की वाकूनही दिसेनात. मग मी पालथीच झोपले."

"पालथ्या? माई!"

"मग काय! तिथून एक घोडेवाला चालला होता. धावत आला. 'अम्मा, गिर गईं क्या?' म्हटलं, 'नहीं भैया, देख रही हूँ।' तो बिचारा शेजारी बसूनच राहिला, म्हातारीला वेड लागलं समजून. त्यानंच उठवलं शेवटी." त्या थांबल्या. "आणि ऐक. दाढी पांढरी असते, टोकाला पिवळीधम्मक. हळद लावल्यासारखी."

माझ्या टिपणात मी ती दाढी करडी लिहिली होती.

"दर्शन झालं का मग?"

"कुठलं! पोचले तोवर दार बंद झालं होतं. दुसऱ्या दिवशी घेतलं."

मला जे विचारायचं होतं ते मी विचारलं. "माई, मग राग गेला का त्यांच्यावरचा?"

"गेला?" त्या ताडकन म्हणाल्या. "वाढला! असलं पाहायला एकट्यानं जातात का? एकदा तरी म्हणायचं, चल, तुला दाखवतो. त्यांची आई चार दिवस नणंदेकडे राहिली नसती का?" मग त्यांचा आवाज ओला झाला. "मी 'नको' म्हटलं असतं, बरं का. कामं होती. पण विचारायचं तर होतं."

बाबा कोपऱ्यात प्रसाद तसाच तळहातावर धरून उभे होते.

माईंना बसवर बसवायला बाबाच गेले. परत आले, सायकल भिंतीला टेकवली, आणि दारातच उभे राहून म्हणाले, "मंदा, उद्या माझी सुट्टी आहे."

"हो."

"तू जे करून राहिली तिकडे कॉलेजात... दाखवशील?"

दुसऱ्या दिवशी सायकलच्या कॅरियरवर बसून मी त्यांच्याबरोबर कॉलेजात गेले. इतक्या लांब आम्ही दोघं एकत्र कधी गेलो होतो ते आठवेना. वर आल्यावर बाबा दारातच थबकले. खिसे चाचपले, काडेपेटी काढली आणि बाहेर खिडकीच्या कठड्यावर ठेवली. चपलाही काढल्या. मग आत आले, दोन्ही हात पाठीमागे बांधून.

मी कपाट उघडलं. एकेक कागद टेबलावर मांडला. ही दाढीवाली, ही तुऱ्याची, ही साधी. हे खोड, ही नळी. ते वाकून बघत होते, मान हलवत होते, पण हात मागेच.

"हात लावला तरी चालतो, बाबा."

"तुटेल."

"नाही तुटणार. खालून धरायचं."

त्यांनी हात पुढे आणले. कागदाखाली दोन्ही तळवे घातले, बोटं पसरली, आणि उचलला. एवढासा कागद, पण इतका हळू, इतका सपाट, कुठेही न कलता त्यांनी तो वर घेतला, की माझं लक्ष फुलावरून उडून त्यांच्या हातांवर गेलं. फॅक्टरीत ते रोज काय उचलतात आणि कसं, हे मला त्या क्षणी कोणी न सांगता दिसलं. एवढे महिने मी त्यांची ताटं झाकून ठेवत होते, आणि ते हे करत होते.

त्यांनी पुष्कळ वेळ पाहिलं. श्वाससुद्धा बाजूला तोंड करून घेतला.

"कुठं ठेवू?"

"इथंच, बाबा. टेबलावर."

त्यांनी ठेवला. आवाज झाला नाही. मग तळवे सदऱ्याला पुसले आणि म्हणाले, "दुसरं दे."